अयुथ्थयातलं लग्न: शंखातलं पाणी आणि वडीलधाऱ्यांचे हात

थाई लग्नाला जायचं तर भल्या पहाटे उठावं लागतं. अयुथ्थया प्रांतातल्या त्या गावी पोचलो तेव्हा नवरीच्या घरी नऊ भिक्खू ओळीने बसले होते. बुद्धमूर्तीपासून निघालेला पांढरा दोरा एकेकाच्या हातातून पुढे गेला होता आणि पालीतलं पठण चाललं होतं. नवरा-नवरीने एकच पळी दोघांनी धरून त्यांच्या पात्रांत भात वाढला. भिक्खू आशीर्वाद देतात, लग्न लावत नाहीत. ते जेवून विहारात परतले की पुढचं सगळं घरातल्या मोठ्या माणसांच्या हाती. मला हेच फार आवडलं.

मग ढोल वाजू लागले. नवऱ्याकडची मिरवणूक, म्हणजे ‘खान माक’, निघाली. पुढे केळीची आणि उसाची रोपं, मागे विडा-सुपारीची आणि मिठाईची तबकं. त्यात फोई थोंगही होती: पाकात सोडलेल्या अंड्याच्या बलकाच्या सोनेरी शेवया. अयुथ्थयात आलेल्या पोर्तुगीजांमुळे सतराव्या शतकात ही मिठाई इथे रुजली. दारात नवरीच्या बहिणी सोन्याची साखळी आडवी धरून उभ्या. आपल्याकडे मेव्हण्या बूट लपवून पैसे उकळतात, तशी इथे पाकिटं दिल्याशिवाय वाट मिळत नाही.

‘सिन सोत’ म्हणजे नवऱ्याकडून मुलीच्या आईवडिलांना मिळणारी रक्कम आणि सोनं. ते सगळ्यांसमोर कापडावर मांडलं, वर तांदूळ, तीळ, फुलं टाकली. मग आईने गाठोडं बांधून खांद्यावर घेतलं आणि वजनाने वाकल्याचं सोंग केलं. अख्खं घर हसलं. पैसा असा चारचौघांत मांडणं मला रुचत नाही. तरी मुलीच्या लग्नापायी कर्जात बुडालेले बाप पाहिले असल्यामुळे त्या आईचं हसू बघून बरं वाटलं. बरेच आईबाप ही रक्कम पुढे जोडप्यालाच देऊन टाकतात, असं शेजारी बसलेल्या काकांनी सांगितलं.

लग्नाचा गाभा म्हणजे ‘रोत नाम सांग’. दोघं बैठकीवर शेजारी बसली, डोक्यांवर एकाच पांढऱ्या सुताने जोडलेली कडी, कपाळावर पांढऱ्या गंधाचे तीन ठिपके. जोडलेले हात फुलांच्या भांड्यावर धरलेले. मोठी माणसं एकेक करून पुढे येत, शंखातलं पाणी त्या हातांवर सोडत आणि कानाशी वाकून दोन शब्द बोलत. नवरीच्या आजीचा हात थरथरत होता, म्हणून भाच्याने तिचं कोपर धरलं. ती बराच वेळ बोलली. नवरीचे डोळे भरून आले, पण जोडलेले हात सोडायचे नसतात, त्यामुळे मागे उभ्या मैत्रिणीने ते पुसले. जोडप्याहून लहान असलेल्यांनी पाणी घालायचं नसतं, म्हणून तरुण मंडळी नुसती बघत उभी होती.

संध्याकाळी शेज मांडायचा विधी झाला. सुखाने संसार केलेलं एक वयस्क जोडपं आधी त्या गादीवर आडवं झालं, चार शुभ शब्द बोललं आणि मग नव्या जोडप्याला जागा करून दिली.