फुप्फुसावरचा डाग

छातीचा एक्स-रे घेऊन आलेला नातेवाईक खुर्चीत टेकण्याआधीच विचारतो, "डॉक्टर, फुप्फुसावर डाग आहे म्हणतात, म्हणजे टीबीच ना?" आपल्याकडे क्षयरोग इतका आढळतो की हा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही, मात्र फिल्मवर हवा काळी दिसते आणि पाणी, पू, रक्त व गाठ ही सारी जवळजवळ सारखीच पांढुरकी दिसतात, त्यामुळे जिथे हवा असायला हवी तिथे दुसरे काहीतरी आहे, एवढेच तो डाग सांगतो.

बाकीचे कडांवरून ओळखावे लागते. हृदयाची उजवी कडा पुसली गेली असेल तर दोष बहुधा उजव्या फुप्फुसाच्या तीन खंडांपैकी, म्हणजे भागांपैकी, मधल्या खंडात असतो. ती शाबूत असून श्वासपटलाची रेषा हरवली असेल तर खालच्या खंडात. पांढऱ्या भागात फांद्यांसारख्या काळ्या रेषा दिसल्या, तर वायुकोश भरले आहेत पण श्वासनलिका मोकळ्या आहेत, असे समजावे.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एका विडी ओढणाऱ्या गृहस्थांच्या फिल्मवर उजव्या वरच्या खंडात पांढरेपणा पाहून मी अहवालात 'क्षयरोगाची शक्यता' असे लिहिले. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी औषधे सुरू झाली, आणि दोन महिन्यांनी खोकला तसाच होता. दुसरी फिल्म पहिलीशेजारी लावली तेव्हा कुठे दिसले, की दोन खंडांमधली आडवी रेषा बाहेरच्या बाजूला वर ओढली गेली होती आणि आतल्या बाजूला, श्वासनलिका फुप्फुसात शिरते तिथे, खाली फुगली होती. उलट्या 'एस'सारखे हे वळण क्ष-किरणतज्ज्ञ रॉस गोल्डन यांनी १९२५ साली वर्णिले होते; नलिका गाठीने बंद पडून पुढचा खंड आकसला की ते उमटते. पहिल्या फिल्मवरही ते होते. मी पांढरा रंग पाहिला होता, रेषा पाहिली नव्हती. सीटी व दुर्बिणीच्या तपासणीत कर्करोग निघाला.

त्यांच्या सुनेने नंतर ट्रंकेतून तीन वर्षांपूर्वीची, घडी पडलेली फिल्म आणली. तीत ती आडवी रेषा अगदी सरळ होती. पहिल्याच दिवशी ती मागितली असती, तर 'हा क्षयरोगाचा जुना व्रण असेल' हा विचार तिथेच गळून पडला असता.

तेव्हापासून माझ्या अहवालात आजाराच्या नावाआधी खंड आकसला आहे की फुगला आहे याची नोंद असते, आणि पाकिटावर मी हाताने लिहितो: 'जुन्या सर्व फिल्म सोबत आणाव्यात.'