तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीत परीक्षा का घेत नाही?

दर एप्रिलला कोणीतरी विचारतंच, "ताई, आमचा कितवा आला?" नंबर नसतो म्हटलं की लगेच पुढचं, मग वर्षभर पोरांबद्दल त्या वहीत लिहिता तरी काय, सरळ परीक्षा घेऊन मार्क का देत नाही? इतकी वर्षं काहीतरी बोलून वेळ मारून नेली, आता एकदाचं लिहूनच टाकते.

२०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच म्हटलंय की ३ ते ६ वयाला परीक्षा हे साधन योग्य नाही, असं सांगून मी सुटू शकते. गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, चौकोन चार-साडेचारला, त्रिकोण पाचच्या आसपास, आणि त्यातही मागंपुढं होतंच, मग नंबर कसला लावायचा, हेही सांगते मी. पण माझं खरं कारण एक मुलगी आहे.

आमचं इचलकरंजी. तिच्या घरी खाली माग, वर राहायला. साडेतीन वर्षांची होती. त्या वर्षीची वही अजून माझ्याकडे आहे. जून: "उठा म्हटलं की सगळ्यांनंतर उठते. लाजरी आहे." जुलै: "गाण्याचे हातवारे बरोबर, तोंड हलत नाही. लाजरी." ऑगस्टमध्ये पावसानं पत्रा वाजत होता, डब्यात काय आणलंस विचारलं तर म्हणाली "दादानं". पुढे मी लिहिलंय, "लक्ष नसतं." प्रत्येक वेळी आधी लिहिलंय ते डोळ्यांनी पाहिलेलं, पुढचं माझ्या डोक्यातलं, आणि मी डोक्यातलंच खरं धरत गेले.

दिवाळीनंतर एकदा तिची वेणी सुटली म्हणून मी मागे बसून घालत होते आणि हळूच म्हटलं, "चिंच देऊ?" समोर बसलेल्या पोरानं लगेच हात पुढे केला. हिनं आधी त्याचा हात बघितला, मग वळून माझ्याकडे. वेणी तशीच हातात राहिली माझ्या. सगळ्यांनंतर का उठायची ते तेव्हा कळलं. इतरांना उठताना बघून उठायची ती.

आईला बोलावलं. "घरात मागाचा खडखडाट, आम्ही सगळीच ओरडून बोलतो, हिला ऐकू येतंय की!" आणि जरा वेळानं, "पाच महिने तुमच्यापाशी आहे, आत्ता सांगताय?" यावर मी काय बोलणार होते? डॉक्टर म्हणाले सारख्या सर्दीनं दोन्ही पडद्यांमागं पाणी साठलंय, म्हणून काही दिवस बरं ऐकू येतं, काही दिवस नाही. उपचार झाले, ती बोलायला लागली, पण बोलणं फुटायच्या वयातले ते पाच महिने मी "लाजरी" म्हणून घालवले.

आता परीक्षेचं. समोर बसवून रंग विचारले असते तर माझ्या तोंडाकडे बघून तिनं पैकीच्या पैकी मिळवले असते. पण हेही कबूल करते की "मागून हाक मारल्यावर वळते का" एवढा एक रकाना असता तर माझ्या लाडक्या वहीपेक्षा तो जूनमध्येच कामाला आला असता. तेव्हा मी चेकलिस्टला नावं ठेवायचे, पोरं काय रकान्यात बसतात का म्हणायचे. चुकलंच ते. अंगणवाडीत निदान राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातनं दोनदा पोरं तपासतं, आमच्याकडे जे दिसायचं ते मलाच दिसायला हवं, आणि अठ्ठावीस पोरांत एका दिवसात नीट बघून होतात ती चार, फार तर पाच.

बरं, त्या धसक्यानं पुढच्या वर्षी एका मुलाच्या बोलण्याबद्दल मी आईला घाईनं सांगितलं, दाखवून या म्हटलं. काही निघालं नाही. ती माऊली पंधरा दिवस झोपली नव्हती, मुलाला काढूनच घेतलं तिनं. मग सांगायला नको होतं का? कधी वाटतं नको होतं, कधी ती वेणी आठवते आणि वाटतं परत सांगेन.

हल्ली वहीच्या पानावर मधे उभी रेघ मारते. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे मला वाटलं ते. उजवी बाजू अजूनही भराभर भरते. यंदा कितवा आला विचारलंत तर तुमच्या पोराचं पान उघडून पुढ्यात ठेवीन. बसून वाचा, आणि उजवीकडचं काय चुकलंय ते सांगा, घरी तो कसा असतो ते मला दिसत नाही.