नारळ वाढवला म्हणजे मोठा झाला का?

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. नववीत येईपर्यंत सुट्या शब्दांचे अर्थ तोंडपाठ झालेले असायचे, वाक्य मात्र हातातून निसटायचं. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘ऑफ’ म्हणजे बंद. त्यामुळे सहामाहीच्या पेपरातल्या ‘द मॅच वॉज पुट ऑफ’चं भाषांतर ‘ब’ तुकडीतल्या निम्म्या मुलांनी ‘सामना बंद ठेवला’ असं केलं. त्यात मीही होते.

पेपर वाटून झाल्यावर इंग्रजीच्या बाई कोणाला रागावल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर चक्क एक मराठी शब्द लिहिला, ‘घालणे’. “सांगा, काय काय घालता?” सदरा, झाडाला पाणी, इथपर्यंत सोपं होतं. मग वाद, गोंधळ, गळ, लक्ष, खीळ, जेवू घालणे, पाठीशी घालणे. फळा भरला. “समजूत घालता, ती कशात घालता?” कोणालाच सांगता येईना. बाई म्हणाल्या, “नवी गाडी घेतली की नारळ वाढवता. वाढवला म्हणजे तो मोठा झाला का?”

मग म्हणाल्या, “घरी दिवसभर असं बोलता ना? मग ‘पुट ऑफ’ला कशाला घाबरता? जोडीला एकच शब्द समजा आणि अर्थ वाक्याला विचारा.”

त्या तासाला ‘पुट ऑफ’ आम्हांला खऱ्या अर्थाने भेटलं. सामना ‘पुट ऑफ’ झाला म्हणजे पुढे ढकलला. दिव्याचं बटण दाबून बाई म्हणाल्या, “हेही ‘पुट ऑफ’.” कसल्याशा वासाने जेवणावरची वासना उडाली, तरी तेच. मग ‘पुट आउट’ म्हणजे आग विझवणे, ‘पुट ऑन’ म्हणजे अंगात घालणे. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, चालवून घेणे. हा शेवटचा मला अजूनही सर्वांत आवडतो, कारण तीन शब्दांपैकी एकातही सोसण्याचा मागमूस नाही.

खरी अडचण ‘इट’ची होती. आम्ही सर्रास ‘पुट ऑफ इट’ लिहायचो. बाई म्हणाल्या, “एस.टी.त धाकट्याला आईबाबांच्या मधोमध बसवतात ना, तसं ‘इट’ला मध्ये बसवा. ‘पुट इट ऑफ’. ‘द मॅच’सारखं नाम मोठं आहे, ते मध्येही बसेल आणि शेजारीही. ‘लुक आफ्टर’ मात्र मध्ये कोणालाच घेत नाही.” शिवाय ‘पुट ऑफ’च्या पुढे ‘टू गो’ नाही, ‘गोइंग’. हे दोन नियम मी आजवर चुकले नाही.

२००३ साली मी पुण्यात एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. परदेशातून सुटे भाग यायचे होते. फोन घेणाऱ्या सहकाऱ्याने चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, ‘शिपमेंट पुट ऑफ, थर्सडे’. ‘ऑफ’ म्हणजे माल रद्द असं धरून त्याने दुसऱ्या पुरवठादाराकडे चढ्या भावाने मागणी नोंदवायची तयारी चालवली होती. मला सहामाहीचा पेपर आठवला. रद्द झालं असतं तर ते ‘कॉल्ड ऑफ’ म्हणाले असते. मी उलट फोन लावून विचारलं. माल गुरुवारी निघणार होता.

पुढे वाचनात आलं की सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, परक्यांना इंग्रजीत सर्वांत अवघड जातात ती अशीच जोडक्रियापदं, असं लिहून ठेवलंय. म्हणजे नववी ‘ब’ला जे अडलं ते जगाला अडतं. हे बाईंना सांगायला हवं होतं. पत्र लिहायचं मनात अनेकदा आलं आणि दर वेळी मी ते ‘पुट ऑफ’ केलं. आता बाई नाहीत.

त्या वर्षीची माझी इंग्रजीची वही सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी शाळेकडे दिली आहे. तपकिरी कव्हर, दोनशे पानी. मधलं एक पान दुमडून ठेवलंय. त्यावर डाव्या बाजूला ‘घालणे’ आहे, उजवीकडे ‘पुट’, आणि खाली लाल शाईत बाईंची सही.