वाट पाहणारा आणि लॉक धरणारा एकच

ऐरोलीच्या कार्यालयात त्या सकाळी मी पोहोचले, तेव्हा एका ग्राहकाच्या दोन नोडच्या क्लस्टरवरील, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या दोन सर्व्हरच्या जोडीवरील, सामायिक डिस्क रात्रीपासून अडकून पडली होती. सर्व्हर चालू होते, नेटवर्क शाबूत होते, डिस्कही उत्तर देत होती. मात्र एका ठराविक डिरेक्टरीला हात लावणारी प्रत्येक प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे किल करूनही न हलणाऱ्या झोपेत, जात होती. एक नोड रीबूट केला असता तर काम सुरू झाले असते, कारण बंद पडलेल्या नोडचे लॉक, म्हणजे फाइल वापरण्यासाठी घेतलेले राखीव हक्क, उरलेला नोड रिकव्हरीत मोकळे करतो. पण त्याबरोबर पुरावाही गेला असता, म्हणून आम्ही ग्राहकाकडून थोडा वेळ मागून घेतला.

फाइल सिस्टम ओसीएफएस२ होती, म्हणजे अनेक नोडना एकच डिस्क वापरू देणारी, २००६ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये (गाभ्यात) आलेली. तिच्यात एखाद्या नोडने आयनोडचा (फाइलच्या माहितीच्या नोंदीचा) वाचनाचा लॉक घेतला की काम संपल्यावरही तो आपल्याकडेच राखून ठेवतो. दुसऱ्या नोडला लेखनाचा लॉक हवा असला की पहिल्याला तसा निरोप येतो. तो लॉकवर ‘ब्लॉक्ड’ अशी खूण करतो, नव्या मागण्या थांबवतो आणि आधीचे वाचक बाहेर पडले की लॉक खाली उतरवतो, म्हणजे दुसऱ्यासाठी मोकळा करतो. नव्या वाचकांना थांबवणे योग्यच आहे, नाहीतर लिहिणाऱ्याची पाळी कधी येणारच नाही.

‘मॅडम, दुसरा नोड लेखनाचा लॉक मागून अडकलाय, तिकडेच बघू या का?’ असे माझ्या कनिष्ठ सहकाऱ्याने विचारले. मी त्याला आधी पहिल्या नोडवरची लॉकची नोंद काढायला सांगितली. नोंदीत पातळी वाचनाची, खूण ब्लॉक्ड, दुसऱ्याची मागणी लेखनाची, आणि वाचक धारक : १. हा एक धारक कोण, हे नोंद सांगत नाही. मग आम्ही अडकलेल्या प्रोसेसचे स्टॅक, म्हणजे एकातून एक बोलावलेल्या आणि अजून न संपलेल्या फंक्शनच्या याद्या, एकेक करून वाचले. बहुतेक प्रोसेस आपल्या पहिल्याच लॉकसाठी थांबलेल्या होत्या. एकीच्या स्टॅकमध्ये मात्र खाली परवानगी तपासणारे फंक्शन होते, त्याच्या वर एसीएल (फाइल कोण वापरू शकतो याची यादी) वाचणारे आणि सर्वांत वर क्लस्टर लॉकची प्रतीक्षा. परवानगीचे फंक्शन पुढे जाण्याआधी स्वतः वाचनाचा लॉक घेते. तो लॉक घेणारे फंक्शन काम पूर्ण करून परतलेले असल्यामुळे स्टॅकमध्ये त्याचा मागमूस राहत नाही, तो कोड उघडूनच कळतो. म्हणजे धारक हीच प्रोसेस होती, आणि दुसऱ्यांदा तोच लॉक मागणारीही हीच. दोन मागण्यांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या नोडचा निरोप येऊन ब्लॉक्डची खूण पडली होती, त्यामुळे तिची दुसरी मागणी रांगेत गेली आणि तिने पहिला सोडेपर्यंत लॉक उतरणे शक्य नव्हते.

एसीएल वाचतानाचा हा लॉक २०१५ च्या एका बदलाने आला होता, आणि मुख्य कर्नलमध्ये त्यावरचा उपाय २०१७ साली झाला. ग्राहकाचे कर्नल मधल्या काळातले, ४.४ होते. दुसरा लॉक सरळ काढून टाकावा, असा एक विचार बैठकीत पुढे आला. मी त्याला ठाम विरोध केला, कारण एसीएल इतर मार्गांनीही वाचली जाते आणि तिथे लॉक आधी घेतलेला नसतो. तिथे जुनी परवानगी वाचली जाण्याचा धोका मला अडकण्यापेक्षा मोठा वाटतो. मुख्य कर्नलमधला उपाय नेमका आहे : प्रत्येक लॉकवर धारकांची, प्रोसेसच्या ओळखीसह, यादी ठेवायची आणि मागणारी प्रोसेस यादीत आधीच असेल तर पुन्हा क्लस्टर लॉक न मागता पुढे जायचे.

तोच पॅच, म्हणजे कोडमधली ती दुरुस्ती, आम्ही ४.४ वर आणला. चाचणीसाठी दोन लॉकच्या मध्ये मुद्दाम विलंब घातला, एका नोडवर एसीएल असलेल्या फाइली सतत उघडत ठेवल्या आणि दुसऱ्यावरून त्यांच्या परवानग्या सतत बदलत ठेवल्या. जुने कर्नल लगेचच अडकले. नवे रात्रभर चालत राहिले. वाचनाचा लॉक हातात असताना त्याच प्रोसेसने लेखनाचा मागितला तर हा उपाय पुरेसा नाही, म्हणून त्या ठिकाणी स्टॅक छापून एरर परत करणारी तपासणी मी पॅचमध्ये जोडली आणि संध्याकाळी तो ग्राहकाकडे पाठवला.