धारगळच्या अलीकडे

बांद्यापर्यंत सगळे गात होते. पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरलो आणि तेर्साच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, दुसऱ्या रहस्यालाच माझा आवाज बसला. टेम्पोवरचा कर्णा मात्र बसेना. सायबाच्या, म्हणजे जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) चालत जायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, वाटेत मन लावून प्रार्थना होईल. प्रार्थना कसली! ट्रकचा धूर, आणि दर वळणावर "भरभर चला" म्हणणारे आमच्या गटाचे काका.

धारगळच्या अलीकडे डाव्या टाचेचा फोड फुटला. ऐन दुपार, मोजा कातडीला चिकटलेला. बाकीचे पुढे गेले, मी एका घराच्या पायरीवर टेकले. ओठांवर नमो मरिया, मनात शिव्या. अंगणात तुळस होती. आतून एक म्हातारी आली, गळ्यातली रोजरी बघून म्हणाली, "सायबाक चलल्यात? बस गो बाय, पाणी हाडतंय."

पाणी आणि गूळ आला. मग कोमट पाण्याचं घमेलं. मी पाय मागे घेतला तर ओरडलीच. मोजा भिजवून भिजवून तिनेच सोडवला, नाव न विचारता.

याकोबाच्या विहिरीपाशी येशू बसला तो चालून दमला म्हणून. योहान सरळ तसं लिहितो. वेळसुद्धा भर दुपारची. पाणी मागितलं तेही शोमरोनी बाईकडे, जिच्या लोकांशी यहुदी व्यवहार ठेवत नसत. कॅटेकिझमला आम्ही घोकलं होतं: खरा देव आणि खरा मनुष्य, 451 साल, खाल्सेदोनची धर्मपरिषद, दोन स्वभाव, ना एकमेकांत मिसळलेले ना वेगळे पडलेले. त्याआधी काही जण म्हणत, त्याचा देह नुसता भास होता. भासाला तहान लागत नाही, टाचेला फोडही येत नाही.

पापाखेरीज सगळं आपल्यासारखं, असं इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आहे. मग चिडचिडही असणार. भुकेल्या पोटी अंजिराच्या झाडाला त्याने शाप दिला, तो प्रसंग प्रवचनात फारसा येत नाही. मला त्या पायरीवर नेमका तोच आठवला आणि बरं वाटलं.

"देव बरें करूं" म्हणून उठले. म्हापसा, पर्वरी, पणजी, रायबंदरचा लांबलचक पूल: पाय, पाय, पाय.

जुन्या गोव्यात रांग सायबाच्या शवाच्या चांदीच्या पेटीकडे सरकत होती. तिथल्या बॉम जेझू चर्चच्या मुख्य वेदीवर संत इग्नेशियसचा भलामोठा पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी, शोधावा लागतो इतका लहान, बाळ येशू. 1605 मध्ये अभिषेक झालेलं हे चर्च खरं त्या बाळाच्या नावाचं. शेजारच्या बाईला मी बोटाने दाखवलं. तिने पदराने घाम पुसत मान उंचावली, बराच वेळ शोधलं.

"एवढोच?" ती म्हणाली.