दुसऱ्या गेअरची दांडी

आमच्या जीपचा दुसरा गेअर धरून बसावा लागायचा. चालवणाऱ्याने नाही, त्याच्या हातात स्टिअरिंग, बाजूला बसला असेल त्याने. चढ लागला की बाबा रस्त्यावरची नजर न काढता नुसतं म्हणायचे, "धर रे," आणि बाजूचा माणूस, मग तो मी असो, मामा असो, एकदा तर ताईला बघायला आलेले पाहुणे होते, दांडीला गुडघा लावून बसायचा. जरा ढिलं सोडलं की टक्कन आवाज, गाडी न्यूट्रल, आणि बाबांचा तो एक शब्द जो पाहुण्यांसमोर त्यांनी गिळला होता.

पंधरा-वीस वर्षं असं चाललं. घाटंजीकडे आमचं गाव, गाडी फोर व्हील आहे म्हणून कोणी विकू देत नाही, कारण जुलैत पांदणीतून जायचं तर दुसरं काही चालत नाही. एक पाऊस पडला की आमची काळी माती चाकाला अशी चिकटते की चाक दिसतच नाही, मातीचा लाडू दिसतो. बंडी फसते, ट्रॅक्टर फसतो, आणि जीप आपली डुलत डुलत निघते. तेव्हा या मे महिन्यात, रोहिणी लागायच्या आत, गेअरबॉक्स आणि त्याच्या मागचं ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा, उतरवायचं ठरलं.

मिस्त्रीभाऊ सकाळी साडेपाचला आले, कारण दहानंतर पाना हातात धरवत नाही, अक्षरशः चटका बसतो. आल्या आल्या त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती मी कुठेच वाचली नव्हती. तेल काढायचं म्हणून मी खालच्या नटाला पाना लावला तर ओरडले, "अरे बाप्पा, आंधी वरचा खोल! वरचा जाम निघाला अन् खालून सारं तेल गेलं, तं भरशीन कुठून?" बरोबरच आहे की. वरचा खोलला, मग खालचा, खाली आईचा कान तुटलेला गंज, म्हणजे पातेलं, ठेवला. गेअरबॉक्सचं तेल काळं निघालं. ट्रान्सफरचं मात्र चहासारखं, दूध जास्त झालेल्या चहासारखं. इतकी वर्षं नाल्यातून गाडी घातली त्याचं पाणी आत जाऊन तेलात फेटलं गेलं होतं.

मग मिस्त्रीभाऊ चहा प्यायला गेले आणि मी शहाणपणा केला. मागचा शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफरपासून मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, खोलायला घेतला. त्याच्या सांध्याच्या क्रॉसजवळ कोणीतरी आधीच पंचने दोन ठिपके मारून ठेवले होते, एक इकडे एक तिकडे, म्हणजे परत जोडताना समोरासमोर यावेत, नाहीतर शाफ्ट थरथरतो. कोण होता तो देव जाणे, पण मनात त्याला नमस्कार केला. बोल्ट काढले, शाफ्ट बाजूला केला, बाहेर येऊन हात पुसतोय तर जीप निघाली. हँडब्रेक ओढलेला, गेअर टाकलेला, तरी निघाली! कारण या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, ट्रान्सफरच्या मागे शाफ्टवर त्याचा ड्रम असतो, आणि शाफ्टच नाही म्हटल्यावर ब्रेक कोणाला धरणार, गेअर कोणाला धरणार. अंगणाला उतार आहे. गाडी अगदी आरामात, लग्नाला निघाल्यासारखी, कडब्याच्या गंजीत जाऊन टेकली. मी खालून बाहेर आलो होतो हे नशीब. मिस्त्रीभाऊ काही बोलले नाहीत, चारही चाकांना गोटे लावले आणि पुढचा चहा मला करायला लावला.

बाकीचं काम वर्णन करण्यासारखं नाही, घाणेरडं आहे. पायाखालचा पत्रा काढा, दांड्या काढा, मीटरची केबल, क्लचची जोडणी. इंजिनच्या मागच्या अंगाखाली बाभळीचा ओंडका आणि जॅक, नाहीतर खालचा आडवा पट्टा काढला की इंजिन मागे झुकतं आणि पुढे पंख्याचं रेडिएटरशी भांडण होतं. मग आम्ही दोघं पोत्यावर उताणे, गेअरबॉक्सची पेटी जॅकवरच्या फळीवर, आणि सरळ मागे ओढायची. सरळ म्हणजे सरळ. अर्धवट निघालेली पेटी शाफ्टवर लटकली तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. "लेकराले पायन्यातून उचलते ना तशी," मिस्त्रीभाऊ म्हणाले, आणि त्याच वेळी माझ्या डोळ्यात माती पडली.

उघडल्यावर दुसऱ्या गेअरचं गुपित निघालं. दात घासून गोल झाले होते, दांडीला जागेवर धरणारी एवढीशी स्प्रिंग मेली होती. इतकी वर्षं माणसांचे गुडघे त्या स्प्रिंगचं काम करत होते.

पण खरी मजा ट्रान्सफरच्या मागच्या गोल झाकणाची. 1941 साली युद्धासाठी जीप बनली तेव्हापासूनची ही रचना, त्या झाकणाच्या जागी जोड लावून मशीनही फिरवता यायचं. आम्ही कधी फिरवलं नाही. झाकण काढलं तर आत पॅकिंग म्हणून गोल कापलेला जाड कागद, तेल पिऊन तपकिरी झालेला, आणि त्यावर उलटी अक्षरं. डिझेलच्या फडक्याने पुसलं तर, "...च्या येथे श्रीकृपेकरून...". लग्नपत्रिका! पुढे "चि. सौ. कां." एवढं लागलं आणि नाव बोल्टच्या भोकात गेलेलं.

घरात दुपारभर तेच. बाबा म्हणाले ही मोठ्या मामांकडची, आई म्हणाली त्यांची पत्रिका लाल होती, ही पिवळी. काकूने उन्हात धरून पाहिली आणि सोडून दिलं.

संध्याकाळी नवं पॅकिंग कापायचं होतं. "वैनी, एखांदी जाड पत्रिका आना वो." आई कॅलेंडरमागे खोचलेला गठ्ठाच घेऊन आली आणि ओट्यावर बसून एकेक बघायला लागली. ही नको, यांचं लग्न अजून व्हायचंय, जायचंय. ही नको, यावर गणपती आहे. हिचा कागदच पातळ. मग एक हातात घेऊन जरा थांबली.

"घे भाऊ, हे काप. घरी येऊन बलावलं नायी, नुसती दारात टाकून गेले."

मिस्त्रीभाऊंनी पत्रिका झाकणावर ठेवली आणि हातोडीने कडेकडेने हळूहळू ठोकायला सुरुवात केली.