कच्च्या आकड्यांना हात लावायचा नाही

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या पाणलोटातल्या पावसाचं विश्लेषण सध्या माझ्याकडे आहे. गटात नवीन कोणी आलं की मी आधी एकच सांगते: कच्च्या डेटाचं फोल्डर फक्त वाचण्यापुरतं. पानशेतच्या रकान्यात मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर पडलेले दिसले, तरी एक्सेल उघडून हाताने बदलायचे नाहीत. दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडच्या फाइलमध्ये लिहायची आणि वरच्याच ओळीत कारण. पुढे कोणी विचारलं, ‘हा आकडा असा का?’, तर उत्तर तिथेच सापडतं.

अहवालाचंही तेच. क्वार्टो या अहवाल बनवायच्या साधनाच्या फाइलमध्ये मजकूर आणि कोड एकत्र नांदतात, त्यामुळे वाक्यातली सरासरीसुद्धा कोडमधूनच येते. जुलैचा डेटा आला की पुन्हा रेंडर करायचं, म्हणजे त्याच फाइलमधून अहवाल नव्याने काढायचा, बस्स.

यादृच्छिक नमुना दरवेळी तोच यावा म्हणून कोडमध्ये एक ठरावीक आकडा देतात, तो सीड. सीड लावला म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. २०१९ साली आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.६.० आवृत्तीत, नमुना निवडणाऱ्या सॅम्पल फंक्शनची डीफॉल्ट पद्धत बदलली. त्याआधीच्या आवृत्तीत तोच सीड वेगळा नमुना देऊ शकतो. म्हणून आरएन्व्ह या आरच्या पॅकेजची लॉकफाइल, म्हणजे आवृत्त्यांची नोंद ठेवणारी फाइल, गिटमध्ये (फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) हवीच हवी. तिच्यात पॅकेजेसबरोबर (आरला जोडायच्या तयार कोडच्या संचांबरोबर) आरची आवृत्तीही नोंदलेली असते. ती आवृत्ती बसवायची मात्र आपल्यालाच.